पारसची राख आणि बाळापूरचे टीव्ही

जुना डबा टीव्ही भंगारवाल्याकडं नेला, तर तो त्याचं वजन करत नाही. लोखंडाचं करतो, पितळेचं करतो, रद्दीचं तर ग्रॅमपर्यंत करतो. टीव्हीला मात्र तो उक्ता भाव सांगतो. वीस-बावीस किलोचं ते धूड हलवून बघतो, मागची जाळी बघतो, कंपनीचं नाव वाचतो आणि आपल्या मनातला हिशेब न सांगता एक आकडा टाकतो. अकोला जिल्ह्यातलं बाळापूर असो, पातूर असो की अकोल्याचं अकोटफैल, ही रीत सगळीकडं सारखीच. त्या उक्त्या भावामागचं गणित समजलं, की विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक अटाळ्याचा प्रश्न निम्मा समजतो.

मागचं झाकण काढलं की पिक्चर ट्यूबच्या मानेभोवती तांब्याच्या तारेचं कडं दिसतं. त्याला योक म्हणतात. ट्यूबच्या कडेनं आणखी एक तारेचं वेटोळं असतं, खाली छापील पाटी असते, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर. एवढं काढून घेतलं की भंगारवाल्याच्या दृष्टीनं टीव्ही संपला. उरते ती काच, आणि वजनाचा निम्म्याहून अधिक भाग तीच असते. तिच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागात शिसं मिसळलेलं असतं, म्हणजे एका टीव्हीमागे किलो-दोन किलो शिसं. आतल्या बाजूला चमकणाऱ्या पावडरीचा थर. ट्यूबमध्ये हवा नसते, म्हणून जाणता माणूस आधी मान अलगद तोडून हवा आत घेतो आणि मगच तिला हात लावतो. नाहीतर ती आतल्या आत कोसळते आणि काच अंगावर उडते. हे कुठल्या आयटीआयमध्ये शिकवलं जात नाही. एकानं दुसऱ्याला सांगितलेलं असतं, बहुतेक वेळा कुणाचा तरी हात कापल्यानंतर.

या काचेला गिऱ्हाईक नाही. एकेकाळी होतं, आणि ते आपल्या शेजारचंच होतं. औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत पहिला रंगीत टीव्ही त्याच कंपनीचा आला. त्याच कंपनीचा गुजरातेत भडोचला टीव्हीच्या काचेचा कारखाना होता. जुन्या ट्यूबची काच वितळवून नवी ट्यूब करण्याची सोय असलेल्या जगातल्या शेवटच्या काही ठिकाणांपैकी तो एक, आणि अमेरिकेतल्या भंगार टीव्हींची काचसुद्धा जहाजानं तिथं येत असे. मग सपाट पडदे आले आणि ट्यूब बनवणंच थांबलं. नवी ट्यूब नको म्हटल्यावर जुन्या काचेचं काय करायचं? २०१८ मध्ये व्हिडिओकॉनचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. आज कुणाच्या माळ्यावर त्या कंपनीचा टीव्ही असेल, तर ज्यानं बनवला त्यानंच परत न्यावा हे तत्त्व कितीही चांगलं असलं तरी न्यायला कोणी उरलेलं नाही.

बाकीच्या वस्तूंची कथा थोडक्यात. फ्रिजचं लोखंड जालन्याच्या भट्ट्यांच्या वाटेला लागतं, कॉम्प्रेसरमधलं तांबं निघतं. पण नळी कापताना आतला वायू फुस्सकन निघून जातो. आर-१३४ए नावाच्या त्या वायूचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे किलोंइतकी उष्णता धरतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५च्या पुढं जातो म्हणून घरोघर कूलर, आणि तो वायूही त्याच हवेत. वायर जाळली की वरचं प्लास्टिक जातं आणि तांबं राहतं. धुरात डायऑक्सिन असतं. मोबाइलमध्ये सोनं असतं खरं, पण ते काढायला आम्ल लागतं, आणि ते काम तालुक्याच्या गावात होत नाही. पाट्या पोत्यात भरून पुढं जातात. दिल्लीचं सीलमपूर, मुरादाबाद ही नावं त्या साखळीत येतात.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या निघतात, आणि त्यांच्याकडं नीट बघायला हवं. पहिली जळालेली मोटार. शेतातली पाणबुडी मोटार जळली तर शेतकरी ती फेकत नाही, वाइंडिंगवाल्याकडं नेतो. तो जुनी तार उपसतो, नवी भरतो, वार्निश मारतो, आणि जुनी तार वजनावर विकली जाते. वऱ्हाडातल्या प्रत्येक बाजारगावात अशी दोन-चार दुकानं असतात. लोडशेडिंगच्या आणि कमी-जास्त दाबाच्या वर्षांनी त्यांना कधी रिकामं बसू दिलं नाही. दुरुस्तीचा हक्क म्हणून दिल्लीत २०२२च्या डिसेंबरात सरकारी पोर्टल सुरू झालं. वाइंडिंगवाल्यानं त्याची वाट पाहिली नव्हती.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची बॅटरी. ती तुम्हाला कुठल्या उकिरड्यावर दिसणार नाही. नवी घेताना जुनी दिली की पैसे वजा होतात, आणि विकणाऱ्यानं जुनी परत घ्यावी असा नियम २००१ मध्येच आला. शिसं कुठंतरी उघड्या भट्टीत वितळतं, हा त्यातला काळा भाग. पण घरातून बॅटरी बाहेर पडते ती रस्त्यात हरवत नाही, कारण प्रत्येक हाताला तिच्यात काहीतरी मिळतं.

म्हणजे गोळा करणारी माणसं आपल्याकडं नाहीत असं नाही. हातगाडीवाला गल्लीत येतो, दुकानदार तराजू घेऊन बसतो, अकोल्याचा व्यापारी गाडी पाठवतो. ई-कचऱ्याच्या कार्यक्रमाची सुरुवात ‘जनजागृती’पासून करणाऱ्यांना हे दिसत नाही, म्हणून शाळेच्या फाटकाशी हिरवी पेटी ठेवली जाते, उद्घाटनाचा फोटो निघतो आणि वर्षानं पेटीत दोन चार्जर आणि चिप्सची पाकिटं सापडतात. ज्याला भाव आहे ते आधीच गोळा होतंय. ज्याला भाव नाही ते गावाबाहेर पडतं. काम करायचंय ते या दुसऱ्या भागाचं.

देशाचे आकडे आधी पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबात २०२१-२२ मध्ये १६ लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला ५.२७ लाख टन, म्हणजे तिसरा हिस्सा, अधिकृत कारखान्यांत पोचला. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत २०२२ साठी जगाचा आकडा ६.२ कोटी टन आहे, आणि रीतसर पुनर्वापराच्या वाटेला लागलेलं त्यातलं २२.३ टक्के. हीच पाहणी भारताचा आकडा ४० लाख टनांच्या वर धरते. मंडळ नियमाच्या यादीतल्या वस्तू मोजतं, पाहणी सगळंच मोजू बघते. म्हणून हा फरक. यादी आधी २१ वस्तूंची होती, आता १०६ची आहे.

नियमांचा इतिहास असा: पहिले नियम २०११चे, लागू झाले १ मे २०१२ला. दुसरे २०१६चे. तिसरे २ नोव्हेंबर २०२२ला निघाले आणि १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. कल्पना तिन्हींत एकच, की ज्यानं वस्तू बाजारात आणली त्यानं ती मेल्यावरही जबाबदारी घ्यावी. नव्या नियमांनी त्याला टक्केवारी लावली: पहिली दोन वर्षं ६०, पुढची दोन ७०, मग ८०. कंपनीनं स्वतः गावोगाव फिरायचं नाही. पुनर्वापर करणारा कारखाना माल मोडतो, त्याला प्रमाणपत्रं मिळतात, आणि कंपनी ती ऑनलाइन विकत घेते. कागदावर हे सुटसुटीत आहे. नोंदणी आता चारच प्रकारच्या लोकांची: बनवणारे, विकणारी कंपनी, दुरुस्त करून पुन्हा विकणारे आणि पुनर्वापर करणारे. आधीच्या नियमांत गोळा करणाऱ्याला आणि सुटे भाग करणाऱ्याला जागा होती. २०२२ मध्ये ते दोघे गळाले. सूक्ष्म उद्योगांना तर नियम लागूच नाहीत. म्हणजे बाळापूरच्या भंगार दुकानाला कायदा त्रास देत नाही, तसा ओळखतही नाही.

आणि प्रमाणपत्र कशाचं मिळतं? सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड. या चार धातूंचं. टीव्हीच्या काचेचं नाही, ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याचं नाही, फ्रिजच्या फोमचं नाही. भंगारवाल्यानं उक्ता भाव सांगताना मनात जे धरलं, तेच दिल्लीतल्या नियम लिहिणाऱ्यांनीही धरलं. हे मला फार विचित्र वाटतं. ज्या धातूंना बाजार आपण होऊन भाव देतो त्यांना प्रमाणपत्र, आणि ज्या वस्तूसाठी कायदा हवा होता तिला काहीच नाही.

२०२४च्या सप्टेंबरात सरकारनं आणखी एक पाऊल टाकलं. प्रमाणपत्रांचा भाव किलोमागे पाच-सहा रुपयांपर्यंत पाडला जातो अशी तक्रार होती. म्हणून घरगुती उपकरणांसाठी किलोमागे किमान २२ रुपये आणि स्मार्टफोनसाठी ३४ रुपये ठरले. सॅमसंग, एलजी, डायकिन अशा कंपन्या हा भर जड आहे म्हणत दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्या भांडणाचा निकाल काहीही लागो, बाळापूरच्या दृष्टीनं प्रश्न वेगळा आहे. हे २२ रुपये कारखान्याच्या दारात पोचतात. राज्यातले नोंदणीकृत कारखाने बहुतेक ठाणे, पालघर, पुणे या पट्ट्यात. तिथून बाळापूरपर्यंत शेकडो किलोमीटर, आणि त्या वाटेवर त्या बावीस रुपयांतला एकही हातगाडीपर्यंत खाली झिरपेल अशी व्यवस्था नियमांत कुठं नाही.

बाळापूरकरांना याचं उत्तर शोधायला पुण्याला जायची गरज नाही. ते त्यांच्याच तालुक्यात आहे, रेल्वेच्या पारस स्टेशनापाशी. तिथं महानिर्मितीचं ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. कोळसा जळतो आणि राख उरते, ढिगानं. या राखेलाही कोणे एके काळी भाव नव्हता. पाण्यात कालवून तळ्यात सोडायची आणि उन्हाळ्यात ती उडाली की आसपासच्या गावांनी डोळे चोळायचे. १९९९च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनं अधिसूचना काढली: वीज केंद्राभोवतालच्या वीटभट्ट्यांनी, सिमेंटवाल्यांनी, रस्ते बांधणाऱ्यांनी राख वापरलीच पाहिजे. तेवढ्यानं भागलं नाही. कारण राख फुकट असली तरी ती न्यायचं भाडं कोण देणार? २०१६च्या दुरुस्तीनं ते स्पष्ट केलं. शंभर किलोमीटरपर्यंतची वाहतूक वीज केंद्राच्या खर्चानं, त्यापुढं तीनशेपर्यंत निम्मी-निम्मी. २०२१च्या अखेरीस आलेल्या नव्या अधिसूचनेत न उचललेल्या राखेवर टनामागे हजार रुपयांचा दंडही आला. राखेचे सगळे प्रश्न सुटले असं पारसच्या आसपास राहणारा कोणी म्हणणार नाही. पण तत्त्व पक्कं झालं: ज्यानं उरवलं, त्यानं त्याची वाहतूक भरायची, अंतर मोजून.

टीव्हीच्या काचेला हेच लावायला काय हरकत आहे? कंपनी कारखान्याला किलोमागे पैसे देते, त्यात किलोमीटरचाही भाग असावा. ठाण्यातून उचललेला किलो आणि बाळापुरातून उचललेला किलो आज प्रमाणपत्रावर सारखाच दिसतो, म्हणून कारखाना ठाण्यातलाच उचलतो. यात त्याचा दोष नाही.

आता कार्यक्रम कसा असावा, हे जरा पैशात मांडू. माणशी वर्षाला एक किलो ई-कचरा धरा. देशाच्या सरासरीपेक्षा हा मुद्दाम कमी धरलेला आकडा आहे. एक लाख वस्तीमागे वर्षाला शंभर टन झाले. दहा टनी ट्रकच्या दहा खेपा, म्हणजे पाच-सव्वापाच आठवड्याला एक. प्रत्यक्षात खेपा जास्त होतील, कारण रिकाम्या प्लास्टिकचं आकारमान मोठं आणि वजन थोडं. बावीस रुपयांनी शंभर टनांचे बावीस लाख होतात. चार माणसांना महिना पंधरा हजार दिले तर वर्षाला सात लाख वीस हजार. उरलेल्यात माल गोळा करायची शेड, वजनकाटा, गाडीभाडं आणि भाव नसलेल्या मालासाठी द्यायचा भाव. हे सगळे पैसे खाली येणार नाहीत, कारखान्याला त्याचा वाटा लागेल. पण निम्मे आले तरी काम उभं राहतं, आणि शून्य आले तर हिरवी पेटी.

त्या शेडमध्ये भंगारवाल्याला शत्रू मानून चालणार नाही. त्याला सांगायचं: तांबं तू काढ, लोखंड तू विक, पण काच फोडू नको, अख्खी ट्यूब आण आणि तिचे वजनावर पैसे घे. ट्यूबलाइट, सीएफएल अख्खे आण, नगावर पैसे घे. २०१५ पासून उजाला योजनेचे एलईडी घराघरांत आले आणि सीएफएल बाहेर पडले; ते बाहेर पडून कुठं गेले, याचा कुणी हिशेब ठेवला नाही. वायर जाळू नको, सोलून आण; सोलायचं हातयंत्र शेडमध्ये आहे, ते फुकट वापर. मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरांनी फुगलेल्या बॅटऱ्या वाळूच्या डब्यात ठेवायच्या आणि महिन्याला आणून द्यायच्या. त्यांच्या दुकानात आग लागण्याची भीती त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

नगरपरिषदेला हे करायचा अधिकार नवा मागावा लागणार नाही. २०२२च्या नियमांच्या परिशिष्टात नगरपालिकांवर तीन-चार कामं टाकलेलीच आहेत. घरच्या कचऱ्यात आलेला ई-कचरा वेगळा करायचा, वाली नसलेल्या वस्तू गोळा करून नोंदणीकृत ठिकाणी धाडायच्या, आणि गोळा करण्याची व्यवस्था उभी राहायला मदत करायची. व्हिडिओकॉनचा तो टीव्ही याच वाली नसलेल्यांत येतो. उद्योग खात्यानं औद्योगिक वसाहतीत यासाठी जागा राखावी, कामगार खात्यानं हे काम करणाऱ्यांची नोंद करून त्यांना शिकवावं, असंही नियमांतच लिहिलंय. हे परिशिष्ट किती नगरपरिषदांच्या सभेपुढं वाचलं गेलं असेल, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

माणसं कुठली? पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेते. तिच्या मागे १९९३ची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. जुने कपडे, फर्निचर, ई-कचरा घरून उचलण्याची वेगळी सेवाही तिच्या सभासदांनी चालवली. पुणं मोठं शहर, तिथं माल दाट. लहान गावांना जवळचं उदाहरण केरळचं वाटतं. तिथं हरित कर्म सेनेच्या बायका आधीपासून प्लास्टिक घ्यायला दारात येतात. २०२५ मध्ये शहरी भागात त्याच बायका ई-कचरा किलोला भाव देऊन घ्यायला लागल्या, आणि पुढचं सगळं क्लीन केरळ ही सरकारी कंपनी बघते. मोफत द्या, पर्यावरण वाचवा, असं तिथं कुणी म्हणत नाही. घरातल्या बाईच्या हातात रोख रक्कम पडते. आपल्याकडं माविमचे आणि उमेदचे बचत गट गावोगाव आहेत. पापड-लोणच्यापलीकडचं काम मागत त्यांनी किती अर्ज केले असतील.

टोकियोच्या ऑलिंपिकची पाच हजार पदकं जुन्या मोबाइल आणि इतर छोट्या उपकरणांमधून काढलेल्या धातूंची केली होती. ६२ लाख फोन आणि ३२ किलो सोनं. गोष्ट सांगायला छान आहे. पण त्यासोबत तिथं जवळजवळ ७९ हजार टन उपकरणं गोळा झाली होती, आणि टीव्ही-फ्रिजसारख्या मोठ्या मालाची विल्हेवाट लावणारा वेगळा कायदा जपाननं २००१ पासूनच चालवला होता. टीव्ही टाकायचा असेल तर तिथला माणूस स्वतः शुल्क भरतो. वऱ्हाडात हे चालणार नाही. अटाळा न्यायला आपणच पैसे द्यायचे म्हटल्यावर टीव्ही रात्री पुलावरून खाली जाईल.

माल सगळ्यात दाट कुठं आहे, तर सरकारी खोल्यांत. पंचायत समिती, तहसील, शाळांच्या संगणक खोल्या, ग्रामपंचायतींत २०११ नंतर आलेले संग्राम केंद्रांचे संच. बंद पडलेला मॉनिटर फेकता येत नाही, विकता येत नाही. तो जडवस्तू नोंदवहीत आहे. त्याचं निर्लेखन व्हायला समिती हवी, समितीला मूल्यांकन हवं, आणि मूल्यांकन करणाऱ्याला वेळ हवा. तोवर मॉनिटरवर जुन्या मतदार याद्यांचे गठ्ठे बसतात. नियमात ‘मोठा ग्राहक’ म्हणजे वर्षात हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारा. त्यानं आपला ई-कचरा नोंदणीकृत माणसालाच द्यायचा. एकेकटी शाळा हजारात बसत नाही. पण जिल्हा परिषद म्हणून एकत्र मोजलं, तर सगळ्या शाळा आणि पंचायत समित्या मिळून हजाराचा आकडा केव्हाच मागे टाकतील. मोजायची कशी, हे अकोल्याला बसलेल्या माणसानं ठरवायचं. जिल्ह्यानं एकच निर्लेखन समिती नेमून एका महिन्यात तालुक्या-तालुक्याचे संच उचलले, तर शेडचा पहिला ट्रक घराघरांतून काही न मागता भरतो.

वेळ साधायची तर दिवाळीच्या आधीचा पंधरवडा. माळे तेव्हाच उतरतात. नवा टीव्ही, नवा मिक्सर घेताना दुकानदार एक्स्चेंजमध्ये जुनं घेतोच. ते तो कुठं देतो, एवढंच शेडनं त्याच्याशी ठरवायचं. दुसरी वेळ मार्चची, कूलर उतरवून पंप तपासताना.

आणि एक माल अजून यायचाय. आता वऱ्हाडातल्या शेतांत सौर पंपांचे पटल उभे राहतायत; २०१९ची कुसुम योजना, मग २०२४ची राज्याची मागेल त्याला सौर कृषी पंप. पटलाचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं धरतात, पण गारपीट, वादळ आणि माकडं हे आयुष्य वाचत नाहीत. फुटलेल्या पटलात काच, ॲल्युमिनियमची चौकट, थोडी चांदी, थोडं शिसं आणि प्लास्टिकचा न सुटणारा थर असतो. चौकट आणि वायर त्याच दिवशी जाते. बाकीचं बांधावर. २०२२च्या नियमांनी सौर पटलांना वेगळं प्रकरण दिलंय: बनवणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं हा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायचा. कुठं साठवायचा, हे मात्र शेतकऱ्याला कुणी सांगितलेलं नाही. योजनेच्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्ती हमी असते, तोवर कंपनीचा फोन लागतो. सहाव्या वर्षी पटल फुटलं तर तो शेतकरी ट्रॅक्टरमध्ये घालून ते बाळापूरच्या बाजारातच आणणार, आणि तिथला भंगारवाला त्याला हलवून बघून उक्ता भाव सांगणार. पटलाच्या मागं चिकटवलेल्या पाटीवर कंपनीचं नाव आणि अनुक्रमांक असतो. ती पाटी खरवडायच्या आधी शेडच्या वहीत उतरवून घेतली, तर निदान बिल कुणाच्या नावानं फाडायचं ते कळेल.